इद्दतची खोली आणि पिंजऱ्यातला एकटा उंदीर

रोवणीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या पवनीत दुपारच्या वेळी गल्ल्या ओस पडतात, कारण चालता-फिरता प्रत्येक माणूस बांधीत असतो. अशातच एका पहाटे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या भाभींचे शौहर छातीत कळ येऊन गेले. शिलाईचे छोटे दुकान होते त्यांचे. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. पाऊस कोसळत असताना जनाजा उठला आणि चिखलातून कब्रस्तानापर्यंत माणसांची रांग होती.

पहिले तीन दिवस त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूर, कामठी, ब्रह्मपुरीहून नातेवाईक आलेले. शेजारच्या घरांतून जेवणाची पातेली येत होती, रात्री दहा वाजेपर्यंत बायका पारे वाचत बसायच्या. भाभी मधोमध. कुणी गळ्यात पडून रडे, कुणी पाणी पाजे, कुणी केसांवरून हात फिरवी. चौथ्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या आणि भाभींना मागच्या खोलीत बसवण्यात आले. दाराला जाड पडदा लावला. इद्दत सुरू झाली होती.

त्या घरातले कुणीही वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सून दिवसातून तीन वेळा गरम ताट आत पाठवायची. मुलगा भंडाऱ्याला नोकरीवर जातो, येताना औषधे, फळे न चुकता आणायचा. पण इद्दत म्हणजे काय, याची त्या घराची एक समजूत होती आणि ती थोड्याफार फरकाने आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहे. आरसा झाकायचा. अंगणात यायचे नाही, आभाळ पाहायचे नाही. फोन नको. मोठ्याने बोलणे नको. नातवंडांना आत सोडायचे नाही, त्यांच्या दंग्याने अम्मींना त्रास होतो. लग्न ठरलेल्या भाचीने तर उंबऱ्याबाहेरूनच सलाम करायचा. हे शेवटचे कुठल्या किताबात आहे ते आम्हाला आजवर सापडलेले नाही. आपल्या दीनमध्ये अपशकुनाला जागा नाही, पण घरात मात्र आपण त्याला कोपरा देऊन ठेवतो.

सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. खरे तर आधीच जायला हवे होते. पडदा सरकवून आत गेलो तेव्हा भाभी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. दाराची कडी वाजताच त्या एवढ्या दचकल्या की हातातली तस्बीह खाली पडली. आम्ही शेजारी बसलो, हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला. काही विचारले तर एका शब्दात उत्तर. मग अचानक म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात? पाहायला का, कशी झाली मी?" दहा मिनिटांत आम्ही उठलो. बाहेर सून म्हणाली, "सगळ्यांशी असंच करतात हो. अम्मींना कुणी बसलेलं आवडत नाही. म्हणून आम्हीही जात नाही, शांत राहू देतो."

आम्हाला राग आला होता. एवढ्या चिखलातून जा आणि वर हे ऐका! पुढचे तीन आठवडे आम्ही त्या बाजूला फिरकलो नाही. हा गुन्हा आमचा आहे. या महिन्याचा लेख त्यातूनच निघाला.

पोळ्याच्या सुट्टीत आमची भाची घरी आली. ती नागपूरला औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. जेवताना आम्ही भाभींचे गाऱ्हाणे सांगत होतो. ती घास तसाच ठेवून म्हणाली, "खाला, हे तर आमच्या उंदरांचं आहे."

ऐकून वाईटच वाटले. आपल्या शेजारणीला ही उंदीर म्हणते! पण तिने समजावले ते ऐकण्यासारखे होते.

औषधांच्या अभ्यासासाठी पांढरे उंदीर पाळतात, हे आपल्याला ऐकून माहीत असते. ते कसे ठेवतात, हे सहसा माहीत नसते. प्लास्टिकचा खोका, वर जाळीचे झाकण, खाली भाताच्या तुसाचा बिछाना. (हे ऐकून आमचे हे खूश झाले. धानाच्या जिल्ह्याचा तूस निदान कुणाच्या तरी अंगाखाली जातो म्हणाले.) बारा तास उजेड, बारा तास अंधार, ठरलेला खुराक, पाण्याची बाटली. एका खोक्यात चार-पाच उंदीर. उंदीर हा कळपात राहणारा प्राणी आहे. ते एकमेकांवर चढून झोपतात, एकमेकांचे केस चाटून साफ करतात, लहान असताना कुस्ती खेळतात.

आता एकटेपणाचा अभ्यास करायचा असेल तर काय करतात? काहीच वेगळे करत नाहीत. तोच खोका, तोच तूस, तोच खुराक, तीच खोली. फक्त त्यात एकच उंदीर ठेवायचा. बऱ्याच प्रयोगांत त्याला शेजारच्या खोक्यांतल्या उंदरांचा आवाज येतो, वासही येतो. तेवढा स्पर्श होत नाही. मारहाण नाही, उपास नाही, आजार नाही. असे काही आठवडे जाऊ द्यायचे आणि मग त्याची चाचणी घ्यायची.

एक चाचणी अशी की जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर अधिकच्या चिन्हासारखी लाकडी फळी असते. तिचे दोन हात बाजूंनी भिंती असलेले, दोन हात उघडे. उंदराला मधोमध सोडतात आणि पाच मिनिटे पाहतात. उंदराला उघड्या जागेची भीती असतेच, पण त्याला नवे पाहायची हौसही असते. सोबतीत वाढलेला उंदीर घाबरत-घाबरत का होईना, उघड्या फळीवर जाऊन डोकावून येतो. ज्याच्या मनात चिंता घर करून आहे तो भिंतींच्या आडच थांबतो. दुसरी चाचणी आणखी साधी. एका खोक्यात त्याच्यासमोर अनोळखी उंदीर सोडायचा आणि तो त्याला किती वेळ हुंगतो, मागे जातो, जवळ बसतो ते घड्याळ लावून मोजायचे.

आपल्याला वाटेल, इतके आठवडे एकटा राहिलेला उंदीर सोबत मिळताच धावत जाईल. तसे होत नाही. अनेक प्रयोगांत तो दूर राहतो, कोपरा धरतो, किंवा चावायला उठतो.

इथे आम्ही जेवण थांबवले. भाभींनी काढून घेतलेला हात डोळ्यांसमोर आला.

हे काम परदेशातच झाले असे नाही. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातले दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार आणि त्यांचे सहकारी यांचा नेमका याच विषयावरचा शोधनिबंध २०१० साली 'न्यूरोफार्माकॉलॉजी' या जागतिक नियतकालिकात आला. आपल्या पवनीहून एसटीने दोन-अडीच तासांवर हे घडले आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! त्यांनी उंदीर एकेकटे ठेवले आणि त्यांच्यात चिंता आणि उदासीनतेसारखी लक्षणे पाहिली. मग मेंदूत शोध घेतला. अल्फा-एमएसएच नावाचे एक रसायन आहे. कातडीच्या रंगाशी आणि भुकेशी त्याचा संबंध आहे, हे आधीपासून ठाऊक होते. एकट्या ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत, भीती आणि ताण हाताळणाऱ्या भागांत, हे रसायन वाढलेले दिसले. ते ज्या कुलपात किल्लीसारखे बसते ते कुलूप औषधाने अडवले तर लक्षणे कमी झाली. म्हणजे सोबत काढून घेतली तर फक्त 'मन' नाही, मेंदूतला रसही बदलतो.

हे रसायन वाढले की भूक मंदावते, हे ऐकून आम्ही लगेच म्हणालो की भाभींचे ताट अर्धे परत येते ते यामुळेच. भाचीने तिथेच अडवले. "खाला, उंदरावरून माणसावर अशी उडी मारायची नसते. भाभींना शौहर गेल्याचं दुःख आहे. उंदराला कुणाचं दुःख नव्हतं, त्याची फक्त सोबत गेली होती." तिचे खरे आहे. यातले बहुतेक प्रयोग नर उंदरांवर होतात, शिवाय ताणाच्या हार्मोनचे आकडे प्रत्येक प्रयोगात सारखे येत नाहीत, हेही तिने सांगितले. तरीपण एक गोष्ट या प्रयोगांत वेगळी करून दिसते, जी माणसांत कधीच वेगळी काढता येत नाही: पोट भरलेले, छप्पर शाबूत, काळजी घेणारे लोक, आणि तरीही फक्त एकटेपणाने होणारी इजा.

परदेशातल्या दोन-तीन गोष्टीही तिने सांगितल्या. २०१६ मध्ये अमेरिकेतील के टाय आणि जिलियन मॅथ्यूज यांनी दाखवले की उंदराला फक्त एक दिवस एकटे ठेवले तर त्याच्या मेंदूतला एक छोटा पेशीसमूह जागा होतो आणि सोबत मिळताच तो उंदीर नेहमीपेक्षा जास्त चिकटून राहतो. भूक लागल्यावर जेवणावर तुटून पडावे तसे. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेने दोन आठवडे एकटे ठेवलेले उंदीर तपासले. ते सोबतीवर तुटून पडले नाहीत. ते भित्रे आणि भांडखोर झाले होते. अनोळखी उंदीर आला की हल्ला, आणि भीतीचा प्रसंग संपल्यावरही कितीतरी वेळ गोठून बसणे.

एका दिवसाचा एकटेपणा माणसे मागतो आणि आठवड्यांचा एकटेपणा माणसांना हाकलतो. आमच्या सगळ्या लेखाचे बी या फरकात आहे. भाभींच्या सुनेने जे पाहिले ते खोटे नव्हते. भाभी खरेच माणसांना हाकलत होत्या. चूक होती ती त्याचा अर्थ लावण्यात. 'त्यांना कुणी नको आहे' असे आपण म्हणतो, दार लोटून घेतो, आणि ज्या गोष्टीने हे झाले तीच आणखी वाढवतो. आमचेही तेच झाले. राग येऊन आम्ही तीन आठवडे गेलो नाही, म्हणजे त्या खोलीत आम्ही आणखी तीन आठवडे टाकले.

कुणी म्हणेल, इद्दत हा अल्लाहचा हुकूम आहे, त्याला तुम्ही उंदरांच्या खोक्याशी जोडता? आम्ही इद्दतला जोडत नाही. तिच्या नावाखाली आपण जे करतो त्याला जोडतो. हुकूम काय आहे ते पाहू. सूरह बकराच्या २३४ व्या आयतीत विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची मुदत आहे. गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. या काळात निकाह नाही. हदीसांप्रमाणे सजणे-धजणे, सुरमा, अत्तर, भडक कपडे नाहीत. आणि राहायचे ते आपल्या घरी. हजरत फुरैआ (रजि.) यांचे शौहर मारले गेले तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना मुदत पुरी होईपर्यंत त्याच घरात राहायला सांगितले होते.

यात माणसांशी न बोलणे कुठे आहे? नातवंडे मांडीवर न घेणे कुठे आहे? आभाळ? आरसा?

उलट एक गोष्ट आपण विसरतो. इस्लामच्या आधी अरबस्तानात विधवेला वर्षभर एका खोपटात कोंडत. अंगावर सर्वात वाईट कपडे, आंघोळ नाही, सुगंध नाही. वर्ष संपल्यावर तिच्याकडे गाढव, शेळी किंवा पाखरू आणून तिने ते अंगाला घासायचे आणि शेणाचा गोळा फेकून बाहेर यायचे. बुखारी शरीफमध्ये हजरत जैनब बिन्ते अबी सलमा (रजि.) यांनी हा सगळा रिवाज सांगितला आहे. पैगंबरांनी (स.) हे खोपटे मोडले. वर्षाचे चार महिने दहा दिवस झाले आणि कोंडवाड्याचे घर झाले. आपण ते खोपटे मागच्या खोलीत पुन्हा बांधत असू तर तो दीनचा नाही, जाहिलियतचा वारसा आहे.

आणि एक रिवायत तर आम्हाला फार उशिरा कळली, याची खंत वाटते. मुजाहिद (रह.) यांच्याकडून ती आली आहे आणि बैहकी यांच्या संग्रहात आहे. सनदीच्या हिशेबाने ती मुरसल, म्हणजे तिच्यात सहाबींचा दुवा नोंदलेला नाही, पण फिक्हच्या किताबांत तिचा उल्लेख येतो. उहुदच्या लढाईत अनेक जण शहीद झाले. त्यांच्या विधवा पैगंबरांकडे (स.) आल्या आणि म्हणाल्या की रात्री आम्हाला एकटे वाटते, आम्ही एकमेकींकडे झोपायला जाऊ का? त्यांना सांगण्यात आले की एकीच्या घरी जमा, हवे तेवढे बोलत बसा, आणि झोपायची वेळ झाली की आपापल्या घरी परता. बघा, घरात राहण्याचा नियम मोडला नाही आणि एकटेपणाची तक्रारही कमी लेखली नाही. 'सब्र करा' एवढेच म्हणून परत पाठवले नाही.

हनफी फिक्हप्रमाणे विधवेला गरज असेल तर दिवसा बाहेर जाता येते, रात्र आपल्या घरी काढायची. दवाखाना, पेन्शनचे कागद, बँक, कमाईचे काम हे गरजेत येते. आमच्या ह्यांनी मशिदीच्या मौलानांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, "भेटायला बायका गेल्याच पाहिजेत. तिला कोंडायला कुणी सांगितलं?" मग थोडे थांबून म्हणाले, "आम्हीही जुम्म्याच्या बयानात हे कधी सांगितलं नाही." त्यांच्या या कबुलीने आम्हाला बरे वाटले.

भाचीला आम्ही आणखी एक प्रश्न विचारला. उंदरांना असे एकटे ठेवणे हा जुलूम नाही का? मांजरीला बांधून ठेवले, ना खायला दिले ना मोकळे सोडले, त्या बाईचे काय झाले ही हदीस आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली की कायदा आहे, १९६० चा प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायदा. कॉलेजात नैतिकता समिती असते, तिच्या मंजुरीशिवाय एक उंदीरही घेता येत नाही, आणि कारण नसताना कळपातला प्राणी एकटा ठेवू नये असे मानतात. "पण खाला, मला त्या खोक्याकडे बघवत नाही. दुसऱ्यांच्या खोक्यात हात घातला की ते हाताला हुंगतात. हा मागे सरतो." प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिच्याकडे नव्हते, आमच्याकडेही नाही. एवढे मात्र वाटते की ज्याच्यासाठी त्या मुक्या जिवाने हे सोसले ते ज्ञान निदान वाया जाऊ नये.

पुढे काय झाले? एकदम काही झाले नाही. आम्ही गल्लीतल्या पाच जणींनी वार वाटून घेतले. जोहरची नमाज झाली की एकीने जायचे. ताजियतला जातो तसे नाही, तोंड पाडून समोर बसायचे नाही. हातात काम घेऊन जायचे. तांदूळ निवडायचे, लाखोळीच्या डाळीतले खडे काढायचे, उसवलेला कुर्ता घ्यायचा. काम असले की बोलायची सक्ती राहत नाही. पहिल्या आठवड्यात भाभी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसरीच्या वारी तर "रोज कोण ना कोण, डोकं उठलं" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. ती बिचारी तांदूळ निवडून आली. आधी ठरवले होते की वाईट वाटून घ्यायचे नाही आणि वार चुकवायचा नाही. आमच्या लेखी सगळ्यात अवघड भाग तोच होता, कारण सगळीकडे रोवणी उरकून निंदणाची गडबड चालू होती आणि दोघींना मजुरीला जावे लागे.

सुनेशी बोलणे त्याहून नाजूक होते. तिला वाटले आम्ही तिच्यावर ठपका ठेवतो. आम्ही तिला उंदरांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. ती रडली. म्हणाली, "मला वाटलं मी त्यांना आराम देतेय." मग धाकटा नातू आत सोडला गेला. तो चार वर्षांचा आहे, त्याला इद्दत कळत नाही. त्याने पहिल्याच दिवशी आजीच्या तस्बीहचे मणी मोजायला घेतले आणि एकोणतीसनंतर गाडी अडली. भाभींनी "तीस" सांगितले. सून पडद्याबाहेर उभी होती, तिने ते ऐकले आणि आम्हाला सांगायला धावत आली.

मोठ्या वयात बसलेली ही गाठ सुटू शकते, याला प्रयोगांचाही आधार आहे. २०१२ मध्ये प्रौढ उंदरांना आठ आठवडे एकटे ठेवून पुन्हा कळपात सोडण्याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. एकटेपणात त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात तंतूंवरचे आवरण बिघडले होते. सोबत परत मिळाल्यावर त्यांचे वागणे ताळ्यावर आले. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मात्र काळजीत टाकणारा आहे. आईचे दूध सुटताच दोन आठवडे एकटी ठेवलेली पिल्ले पुढे सोबतीत आणूनही पूर्ववत झाली नाहीत. ज्या घरात लेकरू दिवसभर मोबाइलसोबत एका खोलीत असते त्या घराने या दुसऱ्या प्रयोगाकडे जरा थांबून पाहावे. यावर पुन्हा कधीतरी लिहू.

भाभींचे माहेर गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावातले. पुनर्वसनात शेजार तुटला, बहिणी चार दिशांना गेल्या. हे आम्हाला त्यांनीच सांगितले, तांदूळ निवडता-निवडता, वीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा. "मैत्रिणी तिथंच राहिल्या, पाण्यात," म्हणाल्या. त्या दिवशी पाऊण तास बोलल्या. पुढच्या दोन दिवसांत पुन्हा गप्प. असेच वर-खाली चालले.

झोप मात्र लागत नव्हती, आणि एकदा त्या म्हणाल्या की आता अल्लाहने मलाही न्यावे. हे ऐकून आम्ही वाट पाहिली नाही. मुलाने त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेले, इद्दत चालू असतानाच, दिवसा, रात्रीच्या आत परत. गोळ्या सुरू झाल्या. दुःख ही बीमारी नाही, पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मरणाचे बोलणे आहे, असे असेल तर सोबतीने भागेल असे समजू नये. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. मराठीतही बोलता येते, आणि इद्दतमधल्या बाईला त्यासाठी उंबरासुद्धा ओलांडावा लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की जगातला दर सहावा माणूस एकटेपणा सोसतो. इंग्लंड-जपानमध्ये त्यासाठी मंत्री नेमले गेले. आपल्याकडे आजाऱ्याची इयादत, जनाजा, सलामचे उत्तर, दावत स्वीकारणे हे सगळे एका मुसलमानाचे दुसऱ्यावरचे हक्क म्हणून आधीच लिहून ठेवलेले आहे. फक्त इद्दतच्या पडद्यापाशी आपली पावले थांबतात.

दिवाळी उलटल्यावर भाभींची मुदत संपली. त्या दिवशी काही खास झाले नाही. आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि नातवाला घेऊन ओट्यावर बसल्या. धान कापणीला आले होते, गल्लीतून गाड्या जात होत्या. रात्री अजूनही दिवा लावूनच झोपतात. रागीटपणा पूर्ण गेलेला नाही, आणि त्यातला थोडा आधीपासूनचाच होता असे त्यांची सून म्हणते. वार वाटलेल्या पाच जणींपैकी दोघी अजून जातात, बाकीच्यांच्या मागे कापणी आहे.

आपल्या घरात, मोहल्ल्यात विधवेच्या इद्दतमध्ये काय-काय पाळले जाते, ते आम्हाला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. त्यातले हुकमाचे कोणते आणि रिवाजाचे कोणते, हे मौलानांना दाखवून पुढे छापू. तलाकनंतरच्या इद्दतबद्दल तीन भगिनींची पत्रे आली आहेत. तिची मुदत आणि नियम वेगळे आहेत, म्हणून त्यांची उत्तरे पुढच्या अंकात स्वतंत्रपणे देऊ.